अंतरपाटाच्या पलीकडे उभा असलेला माणूस

गेल्या रविवारी आम्ही मावसभावंडे सहकुटुंब नाशिकला उंटवाडीच्या मॉलमध्ये एक नवा प्रेमपट पाहायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण त्याची शेवटची पंधरा मिनिटे आपण सर्वांनीच वेगवेगळ्या नावांखाली अनेकदा पाहिलेली आहेत. मंगलाष्टके सुरू होतात, नायक धापा टाकत येतो, नायिका मुंडावळ्या सोडते आणि दोघे हातात हात घालून निघून जातात. टाळ्या पडल्या, त्यांत माझ्याही होत्या. कॅमेरा त्या दोघांच्या मागे गेला आणि पाटावरचा नवरदेव तिथेच राहिला.

प्रेमपटांच्या ठरीव संकेतांविषयी बोलताना आपण पाऊस, रेल्वेचा फलाट आणि वेळेवर न पोचलेली पत्रे यांची थट्टा करतो. मला मात्र सर्वांत निर्णायक संकेत या दुसऱ्या माणसाचा वाटतो. तो कसा आहे एवढे मध्यंतरापर्यंत कळले की शेवट सांगता येतो.

तो वाईट असेल तर नायिका सुटणार. ही युक्ती सिनेमाच्याही आधीची आहे. १८८२ च्या ‘संगीत सौभद्र’मध्ये बलराम सुभद्रेचे लग्न ठरवतो तेच मुळी दुर्योधनाशी, त्यामुळे ती अर्जुनाची झाली म्हणून प्रेक्षागृहात कोणी हळहळण्याचा प्रश्नच नव्हता. देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’मधला भुजंगनाथ हा कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघालेला म्हातारा, पण तिथे त्याचे तसे असणे हाच नाटकाचा विषय होता. पुढे सिनेमात ती केवळ सोय झाली. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये नायक वधूपित्याकडे मागतो ते फक्त प्रवासात झालेल्या खर्चाचे ३९ डॉलर ६० सेंट, तर नवरा मुलगा शेवटी एक लाख डॉलर घेऊन बाजूला होतो, इतका स्वच्छ हिशेब असताना वधू भर समारंभातून पळाली तर वाईट कोणाला वाटणार? हीच गोष्ट १९५६ च्या ‘चोरी चोरी’तून आणि १९९१ च्या ‘दिल है कि मानता नहीं’मधून आपल्याकडे आली. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला कुलजीतही उद्दाम आणि शिकारीचा शौकीन असावा लागतो, तो याच कारणासाठी.

तो चांगला असेल तर मात्र नायक माघार घेणार. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’त नायिकेचा नवरा नाझींविरुद्ध लढणारा देशभक्त आहे, म्हणून नायक स्वतःच तिला त्याच्याबरोबर विमानात बसवून देतो. (विवाहितेने नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर राहणे त्या काळच्या हॉलिवूडच्या नीतिसंहितेलाही मानवले नसते, हे खरे.) १९९९ च्या ‘हम दिल दे चुके सनम’मधला वनराज बायकोला तिच्या प्रियकराकडे पोचवायला थेट परदेशी घेऊन जातो आणि त्या चांगुलपणामुळेच ती त्याच्याकडे परत येते.

माझी तक्रार इथे आहे. दोन्ही प्रकारांत निकाल लागतो तो त्या माणसाच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर. समोरचा माणूस सज्जन आहे, त्याचे काहीही चुकलेले नाही, तरीही माझे मन दुसरीकडे आहे, एवढे साधे वाक्य बोलण्याची मुभा हे चित्रपट नायिकेला सहसा देत नाहीत.

आयुष्यात ते बोलले जाते. साधारण वीस वर्षांपूर्वी गंगापूर रोडवरच्या एका कार्यालयात माझ्या मावसभावाचे लग्न होते. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झाले होते. सकाळी मुलगी स्वतः वरपक्षाच्या खोलीत आली आणि वडील शेजारी उभे असताना तिने भावाला सगळे सांगितले. आरडाओरडा झाला नाही. आचारी दारात येऊन मामांना दबक्या आवाजात विचारत होता, “मसालेभात टाकू का थांबू?” मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “टाका. लांबून आलेली माणसं आहेत, जेवून जातील.” मावशी रंगीत अक्षता मुठीमुठीने परत डब्यात भरत होती. पंगत बसली, लोक खाली मान घालून जेवले आणि जिलबीचा आग्रह कोणी कोणाला केला नाही.

बऱ्याच वर्षांनी मी भावाला विचारले, तुला तिचा राग नाही का येत? तो म्हणाला, “राग कसला? मी वाईट असतो तर तिला सोपं गेलं असतं, एवढंच. तिला अवघड गेलं आणि तरी तिने तोंडावर येऊन सांगितलं.” पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली, त्या मुलीचाही संसार पुण्यात चांगला चालला आहे.

रविवारी तो माझ्याच शेजारच्या खुर्चीवर होता. मी टाळ्या वाजवत असताना तो माझ्याकडे झुकला आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तो मागचा फेटेवाला बघ. अक्षता टाकायच्या का खिशात ठेवायच्या, त्याला कोणी सांगितलेलंच नाही.”