आईबापांना कुठवर आत घ्यायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

चर्चमधल्या अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या संघात आईबापांना सामील करून घ्या, असं मी लिहिलं आणि तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं असं : खेड्यातल्या लेकरावर घरच्यांची नजर तशीही दिवसभर असते, रविवारचे दोन तास तेवढे मोकळे. तिथंही आई येऊन बसली तर पोट्टे तोंड उघडणार नाहीत. आणि मजुरीवर जाणाऱ्यांना मिटिंगा परवडतात कुठं?

पहिल्या मुद्द्यावर मी आधीच हरलोय. पहिल्या वर्षी आम्ही पालकांना वर्गातच बसवायचो. सातवीतल्या एका मुलानं प्रार्थनेचा विषय सांगितला : बाबा पिऊन येतात तेव्हा झोप लागत नाही. मागं बसलेल्या दोघीतिघींनी ते ऐकलं आणि सोमवारी हातपंपावर गावानं ऐकलं. मुलगा पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बापानं मला रस्त्यात गाठून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हापासून वर्गात पालक नाहीत. दोन शिक्षक असतात, दार उघडं असतं, आणि मुलं घरचं जे बोलतात ते तिथंच राहतं. अपवाद एकच, आणि तो पहिल्याच दिवशी सांगून टाकतो : कुणी मारझोड करत असेल, नको तिथं हात लावत असेल, तर मी गप्प बसणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की पोलिसांना कळवावंच लागतं. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द मी आता कोणत्याच लेकराला देत नाही.

पण म्हणून पालकांना बाहेरच ठेवायचं, हे पटत नाही. आम्ही दोन तास क्षमेवर बोलतो, आणि पोरगं काय शिकून आलं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

वेळेचं मात्र तुमचं खरं. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागली की मजुरी किलोवर, रविवार कोण पाळतो? म्हणून मिटिंग चर्चमध्ये ठेवणं सोडलं. महिन्यातून एकदा, जेवणं झाल्यावर, कुणाच्या तरी अंगणात अर्धा तास. या महिन्यात मुलांना काय शिकवणार, तेवढं सांगायचं. वेचणीच्या दिवसांत तेही नाही. व्हॉट्सॲपवर बोलून निरोप धाडतो, वाचता न येणाऱ्यांनाही तो चालतो.

तुम्ही काढली नाहीत अशी एक चूक मीच काढतो. पालक म्हणजे आईबाप, असं मी धरून चाललो. आमच्याकडं कितीतरी लेकरं आजीजवळ आहेत, आईबाप कामाला बाहेर. काही घरांतून चर्चला फक्त आई येते. बायबलमधल्या तीमथ्याचं, प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याचं, घर तरी वेगळं कुठं होतं? पौल त्याला लिहिताना आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. बापाबद्दल बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एवढंच कळतं, की तो ग्रीक होता.

आमच्या एका आजीला अक्षरओळख नाही, पण ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. वर्ग सुरू व्हायच्या आधी तिला टाळ देऊन बसवलं. मुलं हसली (त्यांना मोबाईलवरची गिटारवाली गाणी पाहिजेत). तिसऱ्या भजनाला एकानं डबा वाजवायला घेतला. ती कुणाला काही विचारत नाही, म्हणून मुलंच तिला सांगत बसतात.

बाप लोकांचं कोडं अजून सुटलेलं नाही. मिटिंग म्हटलं की पसार. मागच्या नाताळात तारा करायला बांबू चिरून द्या म्हटलं, तर सात जण आपापला कोयता घेऊन आले. त्यात त्या मुलाचा बापही होता. माझ्याशी एक शब्द बोलला नाही, कामट्या मात्र सगळ्यांत सरळ त्याच्याच निघाल्या. पोरगा काही आला नाही.