आठवीनंतर भूक संपते का?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंड्याचा वाद परत पेटलाय. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा वेगळा निधी बंद केला, ज्या शाळेला अंडी द्यायची असतील तिने लोकसहभागातून पैसे उभे करावेत म्हणे, आणि तेव्हापासून हा विषय निघाला की अर्धे जण म्हणतात शाकाहारी मुलांचं काय, अर्धे म्हणतात गरिबाच्या पोराच्या ताटातलं अंडं का काढता. मी अंड्याच्याच बाजूची आहे, ज्याला नको त्याला केळं द्या, विषय संपला. पण या सगळ्या भांडणात कोणी हे बोलतच नाही की हा आहार आठवीलाच थांबतो.

आठवी म्हणजे साधारण १४ वर्षं. घरात त्या वयाचं पोरगं असेल तर कुणालाही विचारा, खरी भूक तेव्हाच सुरू होते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२० च्या तक्त्यात १० ते १२ च्या मुलाला दिवसाला २,२२० किलोकॅलरी लागतात, १३ ते १५ ला २,८६०, आणि १६ ते १८ ला ३,३२०, प्रोटीन ३२ ग्रॅमवरून ५५ वर जातं. म्हणजे गरज सगळ्यात जास्त वाढते त्याच वर्षांत शाळा ताट काढून घेते आणि सगळा भार घरच्या किराणावर पडतो.

मी फिनलंडमध्ये राहते, एस्पो शहरात. इथे माझ्या मुलाला शाळेत रोज गरम जेवण फुकट मिळतं, आणि हे १९४८ पासून सगळ्या मुलांसाठी आहे, श्रीमंत-गरीब असं काही विचारत नाहीत, पुढे बारावीच्या तोडीच्या शाळेतही मिळतं. अर्धी प्लेट भाज्या-सॅलड, पाव प्लेट बटाटा किंवा पास्ता, पाव प्लेट मासे, मांस किंवा कडधान्य, शिवाय ब्रेड आणि दूध. गुरुवारी बऱ्याच ठिकाणी वाटाण्याचं सूप असतं. चव आपल्या जिभेला सपक लागते हे खरंय, पण पोट भरतं.

याचा घरखर्चावर काय परिणाम होतो ते इथे आल्यावर कळलं. दुपारचं जेवण झालेलं असतं म्हणून संध्याकाळचं स्वस्तात आणि नीट करता येतं. मी खिचडीत डाळ तांदळाइतकीच घालते, राय (rye) नावाच्या इथल्या धान्याच्या पिठात थोडी कणीक आणि बेसन घालून थालीपीठं लावते, फ्रोझन वाटाणे आणि छोले आठवड्यातून दोनदा तरी होतात, आणि अंडी कायम घरात असतात कारण एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं आणि पाच मिनिटांत खायला तयार. ग्रुपवर कुणी ना कुणी प्रोटीन पावडरच्या डब्याचा फोटो टाकतं तेव्हा मी तळमळून लिहिते की अहो त्या पैशात महिनाभर मटकीची उसळ, शेंगदाणे आणि अंडी येतील, पोरांना तेच द्या.

पण दुपारची शाळा उपाशी काढलेल्या पोराला संध्याकाळी कितीही वाढलं तरी दिवसाचं भरून निघत नाही, आणि ज्या घरात आई-बाप दोघंही सकाळी मजुरीला जातात तिथे डब्यात काय जातं हे सगळ्यांना माहितीय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, फिनलंड ५६ लाखांचा देश, टॅक्स भरमसाट, आपल्याकडे कसं जमणार. बरोबर आहे, ते सगळंच्या सगळं इकडून उचलून तिकडे नेता येणार नाही. मग फिनलंड सोडा, तमिळनाडू बघा. तिथे पहिली ते दहावी शाळेत जेवण मिळतं, शाळेच्या दिवशी अंडंही असतं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं. आपल्या शेजारच्या कर्नाटकानेही २०२३ पासून अंडं-केळं नववी-दहावीपर्यंत नेलं. ही काही टॅक्सने गब्बर झालेली युरोपातली राज्यं नाहीत. आणि आपल्याकडे मे २०२५ पासून सहावी ते आठवीच्या एका मुलामागे दिवसाला धान्याव्यतिरिक्त साहित्याचा खर्च धरलाय १० रुपये १७ पैसे, त्यात ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, तेल-मसाला सगळं बसवायचं. त्यातून अंडं कुठून काढणार, म्हणून तर वेगळा निधी हवा होता. लोकसहभाग म्हणजे ज्या गावात पैसा आहे तिथल्या मुलांना अंडं आणि दुष्काळी वाडीतल्या मुलांना नुसता भात, हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत पाचवी ते दहावी एकाच इमारतीत भरणाऱ्या शाळा कितीतरी आहेत. मधल्या सुट्टीत आठवीची मुलं ताटं घेऊन बसतात आणि नववी-दहावीची त्याच आवारात डब्यावर किंवा तसंच राहतात. स्वयंपाकघर आहे, चूल पेटलेली आहे, बचत गटाच्या बायका रांधतातच आहेत, दोन वर्गांचा शिधा तेवढा वाढवायचाय. पुढच्या वेळी ग्रुपवर अंड्यावरून भांडाल तेव्हा हेही मागा, आणि आपल्या आमदारालाही विचारा की नववीचं पोरगं जेवत नाही असं कुणी ठरवलं.