माथेरानच्या गाडीचा ब्रेक

परवा एका मित्राने माथेरानच्या मिनी ट्रेनचा जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "एअर ब्रेक बसवले आणि गाडीचा जीवच गेला." मला हे अजिबात पटलेलं नाही.

लहानपणी मी हट्टाने डब्याच्या टोकाला बसायचो, ब्रेकवाल्या काकांच्या जवळ. उतारावर इंजिनाची शिट्टी झाली की प्रत्येक डब्यावरचा माणूस ब्रेकचं लोखंडी चाक आवळायचा, पुढच्या शिट्टीला सैल करायचा. काकांच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढा घट्टा होता. नेरळ ते माथेरान जवळपास 21 किलोमीटर, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट, काही ठिकाणी वीस फुटाला एक फूट चढ. एवढा घाट या माणसांनी मनगटावर तोलला. एकाला शिट्टी ऐकू आली नाही, हात निसटला, तर?

एअर ब्रेकमध्ये नळीतल्या हवेच्या दाबाने ब्रेक सुटलेले राहतात. डबा तुटला, नळी फाटली, की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. आयर्लंडमध्ये अर्माघजवळ 12 जून 1889 ला सहलीची गाडी चढ चढेना म्हणून मागचे डबे सोडवले. ते फक्त शेवटच्या डब्यातल्या हातब्रेकवर उभे होते. तो पुरला नाही, डबे उतारावरून मागे घसरले, 80 माणसं गेली. त्याच वर्षी तिथे आपोआप लागणारे ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले. आपल्याकडे 2016 च्या मे महिन्यात गाडी दोनदा रुळावरून घसरली, सेवा थांबवली, मग एअर ब्रेक आले.

माथेरानचा वारसा म्हणजे 1907 पासूनची ती वाट, ती वळणं, डोंगराला वळसा घालत जाणारे रूळ. ते जसेच्या तसे राहावेत म्हणून मी भांडेन. सीट, रंग, खिडक्या जुन्या वळणाच्या ठेवा, त्यालाही माझा पाठिंबा. पण फोटो छान यावा म्हणून पोटासाठी राबणाऱ्या माणसाला धोक्यात उभं करायचं? नाही.

हातब्रेकचा एक जुना डबा नेरळला उभा करून ठेवा. पोरांना ते चाक फिरवू द्या, किती जोर लागतो ते कळू दे. आणि जे ब्रेकवाले आज आहेत त्यांच्याकडून शिट्टीचे इशारे लिहून घ्या: कोणत्या शिट्टीला आवळायचं, कोणत्या शिट्टीला सोडायचं. चाक उद्याही मिळेल, हे सांगणारे मिळणार नाहीत.