सूंला सूं जुळेना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बॉनेट एकट्यानं उघडताच येत नाही. उघडलं की चार माणसं जमतात. एक चहा सांगतो, उरलेले तिघे निदान. आमच्या चुलत्यांच्या जुन्या शेवरोले ट्रकला २३५ घनइंची, म्हणजे साधारण ३.८५ लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन आहे. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर एकच होता आणि बिचारा सुखात होता. १९५३ च्या कॉर्व्हेटला याच मापाच्या इंजिनावर तीन कार्बोरेटर होते, हे भाच्यानं इतक्यांदा ऐकवलं की दोनावर तोडपाणी करून मी पैसे दिले.

आता पुढचे तीन सिलिंडर एकाच्या वाट्याला, मागचे तीन दुसऱ्याच्या. दोघांनी सारखी हवा ओढली नाही, तर इंजिन उभ्या जागी थरथरतं. ते जुळवायला मिस्त्रींकडं रबरी नळी. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. दोन्हीकडून एकाच पट्टीतली 'सूं' यायला हवी. ती येतेय म्हणावं, तर शेजारचा लेथ सुरू होतो. परत स्क्रू पाव फेरा, परत कान. "मालक, तुमीच ऐका." मला वेगळीच सूं, भाच्याला तिसरीच, आणि चहा सांगणाऱ्याला व्हॉल्व्हची टकटक.

शेवटी सिलिंडरांत ठिणगी पाडणारे प्लग काढले. पुढचे काजळी धरलेले, म्हणजे पेट्रोल जास्त. मागचे पांढरेफटक, म्हणजे कमी. "टोक चांगल्या गुळाच्या रंगाचं पायजे," मिस्त्री म्हणाले. हे लगेच पटलं. पांढरा गूळ दिसला की कोल्हापूरकराला आधी शंकाच येते.

रंग आला. सूंही जुळली. मग पन्हाळ्याचा घाट.

ट्रकचं इंजिन पळण्यासाठी नसतं, कमी फेऱ्यांत ओढण्यासाठी असतं. त्या फेऱ्यांना हवा थोडीच लागते. तोंडं दोन झाली की तेवढीच हवा वाटली जाते, तिचा वेग पडतो आणि पेट्रोलचे बारीक कण होत नाहीत. भाच्यानं चढावर पाय दाबला, ट्रक खोकला, आणि मागून एसटी हॉर्न न वाजवता पुढं गेली. तो न वाजलेला हॉर्न मला जास्त लागला.

परत आलो तेव्हा मिस्त्रींनी काही विचारलं नाही. फळीवरून जुना कार्बोरेटर उतरवला. स्वच्छ, नवं गॅस्केट लावलेला.

"हा कधी तयार केला?"

"काढला त्याच दिशी."