चार महिन्यांपैकी तेरा दिवस आमचे

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, मग तुमची फाइल काढून तारखा जुळवल्या आणि आता लिहायला बसलोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसासाठी (तरुणांना तिथे फिरता फिरता कामही करू देणारा व्हिसा) आमच्या व्हिसा एजन्सीकडे आलात, तीन आठवड्यांत काम होईल असं सांगितलं गेलं, लागले चार महिने. मित्रानं स्वतःची फाइल स्वतः लावली, त्याचा व्हिसा दहा दिवसांत आला. म्हणजे आम्ही फाइल दाबून बसलो होतो.

'तीन आठवडे' हे आमच्याच काउंटरवर बोललं गेलं. बोलणाऱ्याला मी विचारलं, त्यानं नाकारलं नाही. कुठल्या दिवसापासून तीन आठवडे, हे त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही समजलात पहिल्या दिवसापासून. कुणीही तसंच समजलं असतं. त्या भरवशावर तुम्ही नोकरीचा राजीनामा दिलात, तिकीट काढलंत आणि तारीख बदलायचे पैसे भरलेत. व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा नको, तिकीट नको, हे आम्ही पहिल्याच भेटीत ठणकावून सांगायला हवं होतं.

आता ते चार महिने. तुम्ही मोजलेत बॅलटला, म्हणजे या व्हिसाच्या सरकारी सोडतीला, नाव नोंदवलं त्या दिवसापासून. भारतीयांसाठी या व्हिसाच्या जागा वर्षाला १,०००. २०२४ मध्ये नोंदणी पहिल्यांदा उघडली तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० जणांनी नावं दिली होती. निवड संगणक करतो, चिठ्ठी काढल्यासारखी, आधी-नंतर न बघता. २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून नाव घातलं की वाट बघायची, एवढंच आपल्या हातात. त्यात तुमचे साधारण सहा आठवडे गेले. 'आमची वर ओळख आहे, नाव काढून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठून चालू पडा, हे मी धंद्यातला माणूस असून सांगतोय.

निवडीचा ईमेल आला की अर्ज दाखल करायला २८ दिवस मिळतात. तुमचा अर्ज तेविसाव्या दिवशी गेला. पहिले चौदा दिवस कागद गोळा करण्यात गेले, ते कुणालाही लागतात: बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण दाखवायचं, इंग्रजीचा पुरावा, खात्यात ५,००० डॉलर आणि वर परतीच्या भाड्याचे पैसे. चौदाव्या दिवशी संध्याकाळी फाइल पूर्ण होती. ती हाताळणारी मुलगी दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेली आणि फाइल कुणाकडे सोपवलीच गेली नाही. नऊ दिवस ती तशीच पडून राहिली. दाबून ठेवली नव्हती, विसरली गेली होती. तुमच्या दृष्टीनं फरक शून्य, हे कळतं मला. पाच दिवसांवर मुदत आली तेव्हा आम्हाला जाग आली. ती टळली असती तर मिळालेली जागा हातची गेली असती.

अर्ज गेल्यापासून निकालापर्यंत सात आठवडे. सरकार ज्याला प्रोसेसिंग टाइम म्हणतं ते एवढंच, बॅलटची वाट त्यात धरलेली नसते. त्यांच्या संकेतस्थळावर जे आकडे दिसतात तेही आश्वासन नसतं. नुकत्याच निकाली निघालेल्या अर्जांपैकी २५ टक्के इतक्या दिवसांत, ५० टक्के इतक्या, ९० टक्के इतक्या, असा तो मागचा हिशेब असतो आणि तो बदलत राहतो. तुमचा मित्र पहिल्या २५ टक्क्यांत बसला, तुम्ही नंतरच्या गटात गेलात. त्याच्या फाइलला मेडिकल मागितलं होतं का, खात्यातल्या पैशांबद्दल विचारणा झाली होती का, ते जरा त्याला विचारा. तुम्हाला दोन्ही आलं, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून इथे बोलतोय. बाकी तपशील मी चारचौघांत काढणार नाही. बॅलन्स पुरेसा असला तरी रक्कम ऐनवेळी जमा झालेली दिसली की ती कुठून आली हे विचारलं जातं, आणि उत्तर पोचेपर्यंत फाइल हलत नाही.

इथेही आमचे चार दिवस आहेत. विचारणेचा ईमेल आमच्या पत्त्यावर शुक्रवारी रात्री आला, तुम्हाला फोन गेला मंगळवारी. शनिवार-रविवार सोडून दिला तरी सोमवारचं कारण माझ्याकडे नाही.

नऊ आणि चार, तेरा. हे दिवस आमच्या नावावर. बाकीचे मी अंगावर घेणार नाही, कारण घेतले तर पुढच्या मुलाला पुन्हा कुणीतरी 'तीन आठवडे' सांगेल.

वय उलटून जाईल या धास्तीनं झोप उडाली होती असं तुम्ही लिहिलंत. तो घोर आम्ही एका वाक्यात मिटवू शकलो असतो, पण कुणी बोललंच नाही. वयाची अट अर्ज दाखल करतानाची: त्या दिवशी ३१ पूर्ण झालेली नसली की पुरे, निकाल नंतर कधीही येवो. आणि उशिरामुळे तिकडचे दिवसही कमी झालेले नाहीत. व्हिसा मिळाल्यावर आत शिरायला १२ महिने असतात, तिथल्या राहण्याचे १२ महिने पहिल्यांदा उतराल त्या दिवसापासून सुरू होतात.

आमच्या फीतली निम्मी रक्कम आणि तिकिटाची तारीख बदलायला पडलेले पैसे परत करतोय. व्हिसाची सरकारी फी आमच्या हातात नाही. ज्या खात्यातून पैसे भरले होते त्यातच जमा होतील. आता प्रत्येक फाइलवर दोघांची नावं असतात, आणि काउंटरवर आठवडे सांगायचे तर 'अर्ज दाखल झाल्यापासून' हे शब्द लावूनच. रिव्ह्यू काढा किंवा तारे वाढवा असं मी म्हणत नाही, आहे तसा राहू दे.

तुमची मूळ मार्कशीट अजून आमच्याकडेच आहे. पाकिटात घालून रिसेप्शनवर ठेवलीय, निघण्याआधी तेवढी घेऊन जा.