‘रंग परवडत नव्हते म्हणून काळोख’: एका फॉरवर्डला उत्तर

ऑक्टोबर संपत आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. यंदा तो आमच्या तीन ग्रुपांवर आला. वर ‘ड्रॅक्युला’ झालेल्या नट बेला लुगोसीचा केपवाला फोटो. खाली मजकूर असा: हॉलिवूडचे तीस-चाळीसच्या दशकांतले भयपट आज विनोदी वाटतात. रंग नव्हते म्हणून सगळं काळं-पांढरं. ट्रिका बाळबोध. भीती नव्हती म्हणून संगीत कोकलायचं. सेन्सॉरमुळे दाखवता काहीच यायचं नाही. आणि प्रेक्षक भोळे होते म्हणून खपून गेलं. शेवटी हसून लोळणारे तीन चेहरे. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी यातला एक तरी सिनेमा सलग पाहिलाय, हे विचारायचा मोह आवरतो आणि मुद्द्यांवर येतो.

रंग होते. १९२५च्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’त मुखवट्यांच्या नाचाचा प्रसंग टेक्निकलर या रंगीत फिल्मपद्धतीत आहे, नायक लॉन चेनी लाल झग्यात भल्याथोरल्या जिन्यावरून उतरतो तो तिथेच. वॉर्नर स्टुडिओचे ‘डॉक्टर एक्स’ (१९३२) आणि ‘मिस्ट्री ऑफ द वॅक्स म्युझियम’ (१९३३), दोन्ही मायकेल कर्टिझचे, दोनरंगी टेक्निकलरमध्ये काढलेले. महाग पडायचं, हे खरं. पण कृष्णधवल ही केवळ नाइलाजाची गोष्ट होती असं म्हणणाऱ्याने कार्ल फ्रॉइंडचं नाव ऐकलेलं नाही. जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’वर कॅमेरा चालवून हा माणूस अमेरिकेत आला, १९३१चा ‘ड्रॅक्युला’ त्याने टिपला आणि पुढच्या वर्षी ‘द ममी’ स्वतः दिग्दर्शित केला. सावलीला पात्र मानणारी ही जर्मन शाळा. तिचाच एक धागा मुंबईतही पोचला: ‘महल’चा (१९४९) कॅमेरा म्युनिकच्या योझेफ विर्शिंगचा होता. ‘आयेगा आनेवाला’ आठवताना तो अंधारही आठवत असेल, तर तो कुठल्या घराण्याचा ते कळेल.

आता ट्रिका. इथे मला जरा जास्त वेळ लागणार आहे.

रूबेन मामूलियनच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये (१९३१) फ्रेडरिक मार्च औषध पितो आणि आपल्या डोळ्यांदेखत चेहरा बदलू लागतो. गालांखाली खड्डे पडतात, कपाळावर काळ्या रेघा उमटतात, डोळे खोल जातात. मध्ये कट नाही, एक चित्र विरून दुसरं येत नाही. ही युक्ती मामूलियनने वर्षानुवर्षं फोडली नव्हती. मार्चच्या चेहऱ्यावर सगळा मेकअप आधीपासूनच होता, फक्त रंगीत. कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाहीत, उजेडाचं कमीजास्तपण तेवढं कळतं. लाल रेघेवर लाल फिल्टर धरला की ती कातडीत मिसळून जाते. हळूहळू हिरवा आणला की तीच रेघ काळीकुट्ट होऊन वर येते. छायाचित्रकार कार्ल स्ट्रसने मूक ‘बेन-हर’मध्ये महारोग्यांच्या अंगावरचे चट्टे नाहीसे करायला हीच करामत उलटी वापरली होती. गंमत अशी, की रंगीत फिल्मवर ही ट्रिक चालणारच नाही. लाल-हिरवा उजेड बदलताना सरळ दिसेल. ज्याला फॉरवर्डवाले उणीव म्हणतात, तिच्याच पोटात हा चमत्कार होता. मार्चला त्या कामासाठी ऑस्करही मिळालं, वॉलेस बिरीबरोबर विभागून.

संगीताचा मुद्दा तर उलटाच आहे. लुगोसीच्या ‘ड्रॅक्युला’त पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. नामावलीला ‘स्वान लेक’चा तुकडा, ऑपेरागृहात वाजतं तेवढं, बाकी शांतता. वाड्यातल्या पहिल्या वीस मिनिटांत दाराची करकर आणि लांडग्यांचं रडणं एवढंच. मात्र इथे फॉरवर्डला अर्धा गुण द्यायला हवा: गोष्ट लंडनला पोचली की सिनेमा बसकण मारतो. तो रंगमंचावरच्या नाटकावरून केलेला आहे आणि उत्तरार्धात दिवाणखाना संपतच नाही. त्याच सेटवर रात्री दुसऱ्या चमूने स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ चित्रित केला, त्यात कॅमेरा जास्त मोकळा फिरतो. पण ‘कोकलणारं संगीत’? ते या सिनेमाबद्दल बोलणाऱ्याने दुसराच कुठलातरी पाहिलाय.

सेन्सॉर. हॉलिवूडची आचारसंहिता १९३०ची, पण तिची कडक अंमलबजावणी जुलै १९३४पासून. मधल्या चार वर्षांत स्टुडिओंनी बरंच धाडस केलं. टॉड ब्राउनिंगचा ‘फ्रीक्स’ (१९३२) ब्रिटनमध्ये तीसेक वर्षं बंदीत होता. आणि कात्री लागली तिथेही हिशेब सरळ नाही. ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये (१९३१) तळ्याकाठी एक चिमुरडी राक्षसाबरोबर पाण्यात फुलं सोडते. फुलं तरंगतात. त्याच्याकडची संपतात, तेव्हा मुलगीही तरंगेल असं वाटून तो तिलाच पाण्यात टाकतो. हा भाग कापला गेला आणि अनेक वर्षं लोकांनी पाहिलं ते एवढंच: राक्षस हसत तिच्याकडे हात नेतो, कट, पुढे बाप मुलीचं कलेवर हातांवर घेऊन गावातून चालतोय. मधलं प्रेक्षकाने मनात भरायचं, आणि मन सेन्सॉरपेक्षा वाईट असतं. ऐंशीच्या दशकात तुकडा परत जोडला, तेव्हा प्रसंग भयानक कमी आणि केविलवाणा जास्त झाला.

न दाखवण्याची ही ताकद आरकेओ स्टुडिओचा निर्माता व्हॅल लुटनने ओळखली. स्टुडिओने त्याच्या हाती नुसतं नाव दिलं, ‘कॅट पीपल’, आणि खर्चाची मर्यादा दीड लाख डॉलर. १९४२च्या त्या सिनेमात, दिग्दर्शक जाक तूर्नर, ॲलिस रात्री सेंट्रल पार्कच्या भिंतीकडेने एकटी चाललीय. मागे दुसऱ्या टाचांचा आवाज, बिबळ्या होऊ शकणाऱ्या बाईचा. मग तो थांबतो. ती पावलं भरभर उचलते, दिव्याखाली येते, वळून बघते, आणि कानाशी एकदम फिस्सकन... बस येऊन थांबते. जनावर दिसलेलं नाही. संकलक मार्क रॉबसनने जमवलेल्या या धक्क्याला भयपटवाले अजून ‘लुटन बस’ म्हणतात.

‘भोळे प्रेक्षक’ याला उत्तर म्हणून मी गेल्या दिवाळीत भाच्याला हा प्रसंग हेडफोन लावून दाखवला. वय एकोणीस, ‘मामा, जुनं काही नको ना’ म्हणत बसलेला. बस आली तेव्हा चकलीची ताटली त्याच्या मांडीवरून खाली गेली.

आणि हसू येतं म्हणाल, तर येऊ दे. ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये (१९३५) डॉ. प्रिटोरियस आधी म्हणतो, जिन ही दारू हीच माझी एकमेव कमजोरी. नंतर तळघरात शवपेटीवर ताट मांडून जेवताना तोच सिगारबद्दलही तेच म्हणतो. दिग्दर्शक जेम्स व्हेलला तुम्ही हसायला हवेच होता.

राहता राहिली फोटोखालची ओळ: ‘फ्रँकेनस्टाइनच्या भूमिकेत बोरिस कार्लोफ’. फोटो लुगोसीचा, हे सोडा. फ्रँकेनस्टाइन हा डॉक्टर. ते काम कॉलिन क्लाइव्हचं. कार्लोफ झाला तो राक्षस, आणि त्याला नावच नाही. सुरुवातीच्या नामावलीत त्याच्यापुढे नटाचं नावही नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. कार्लोफचं नाव येतं ते अगदी शेवटी, सिनेमा संपल्यावर.