बोपण्णाचे गुडघे राहूनच गेले

टेनिसपटू रोहन बोपण्णावरचा तुमचा लेख आवडला, पण गुडघ्यांची गोष्ट राहूनच गेली जी. कूर्चा (सांध्यातली गादी) झिजलेली, दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या. मग अय्यंगार योगानं सावरला आणि 2024 ला 43व्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, दुहेरीत जगात अव्वलही झाला. त्याचं पुरुष दुहेरीतलं पहिलंच ग्रँड स्लॅम! 2010 ला पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीसोबत अमेरिकन ओपनची फायनल हरला होता, तेव्हापासूनची वाट. आमच्या दारव्ह्याकडे टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट, अन् पस्तिशीतच गडी अंपायर होतो. 2017 ची फ्रेंच ओपन मिश्र दुहेरी मात्र तुम्ही एका ओळीत उरकली भाऊ. कॅनडाच्या गॅब्रिएला डॅब्रोव्स्कीसोबत, हरायला एकच गुण बाकी असे दोन मॅच पॉइंट वाचवून जिंकला होता तो!